पुण्याहून नगरला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला का फिरवावं लागायचं? दुष्काळात बांधलेल्या एका रेल्वेची गोष्ट

पुण्याहून रेल्वेने नगरला गेलेल्या जुन्या प्रवाशांना एक गोष्ट हमखास आठवते. दौंडला गाडी बराच वेळ थांबायची. पुढचं इंजिन सुटायचं, गाडीच्या दुसऱ्या टोकाला इंजिन लागायचं आणि गाडी आल्या दिशेलाच परत निघायची. तोपर्यंत तोंड पुढे करून बसलेला माणूस पाठमोरा प्रवास करायला लागायचा आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटायचं, चाललो की काय परत पुण्याला! अलीकडे दौंडच्या बाहेरून वळणारी कॉर्ड लाईन झाली आणि बऱ्याच गाड्यांचा हा खोळंबा संपला.

पण मुळात हा खोळंबा होता कशासाठी? कारण सरळ आहे. नगरकडून येणारे रूळ दौंडला पुण्याकडे नाही, सोलापूरकडे तोंड करून मिळतात. कर्नाटक एक्सप्रेससारखी सोलापूरहून येणारी गाडी न फिरता थेट नगरकडे निघते. पुण्याहून येणाऱ्या गाडीला मात्र उलटं व्हावं लागतं. म्हणजे ज्यांनी हा मार्ग आखला त्यांच्या डोक्यात पुणे-नगर असा प्रवास नव्हताच.

मग काय होतं? त्यासाठी जरा १८७०च्या दशकात जावं लागेल. आणि तिथे गेलं की रुळांपेक्षा मोठी गोष्ट समोर येते. ती म्हणजे हे रूळ ज्या मातीवर आहेत, ती माती कुणी वाहिली.

दोन हात आणि मधला जोड

मुंबईहून निघालेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे जी.आय.पी.चे, कल्याणला दोन फाटे होतात. एक बोरघाट चढून पुणे, दौंड, सोलापूर करत १८७१पर्यंत रायचूरला पोहोचला. दुसरा थळघाट, म्हणजे आपला कसारा घाट, चढून नाशिक, मनमाड, भुसावळवरून एकीकडे नागपूरला (१८६७) आणि दुसरीकडे जबलपूरला (१८७०) गेला.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागपूरकडचं धान्य सोलापूरला न्यायचं आहे. रेल्वेने न्यायचं तर आधी कसारा घाट उतरून कल्याणपर्यंत खाली यायचं आणि मग बोरघाटाने परत वर चढायचं. दोन्ही घाटांत चढ इतका कठीण की मधे 'रिव्हर्सिंग स्टेशन' ठेवावी लागली होती. तिथे गाडीची दिशा बदलून पुढची चढण घ्यायची. म्हणजे सह्याद्री एकदा उतरायचा, एकदा चढायचा, आणि हे सगळं कशासाठी, तर देशावरच्या एका गावाहून देशावरच्याच दुसऱ्या गावाला जाण्यासाठी!

यावरचा उपाय कुणालाही सुचेल असा होता. दौंड आणि मनमाड ही दोन टोकं घाटावरूनच जोडायची. अंतर साधारण २४० किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक भाग नगर जिल्ह्यातून. सरकारने ही लाईन स्वतः बांधली, म्हणून तिचं नाव 'दौंड-मनमाड स्टेट रेल्वे'. ती १८७८ साली सुरू झाली आणि पुढे चालवायला जी.आय.पी.कडे गेली.

तर दौंडच्या त्या उलट्या वळणाचं उत्तर हे आहे. ही लाईन दक्षिण आणि उत्तर जोडायला टाकली होती. नगर वाटेत आलं.

पण ती त्याच वर्षांत का झाली, याचं उत्तर नकाशात सापडत नाही. ते पावसात सापडतं.

१८७६ : पाऊस गेला तो गेलाच

नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, म्हणजे श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या पट्ट्यात, मुख्य भिस्त रब्बीवर. सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस झाला तर ज्वारी, नाहीतर काही नाही. १८७६ साली आधीचा पाऊस जेमतेम झाला आणि नंतरचा आलाच नाही. खरीप गेलं, मागोमाग रब्बीही गेलं. दख्खनपासून मद्रास, म्हैसूरपर्यंत पसरलेला हा दुष्काळ १८७८पर्यंत चालला आणि त्यात लाखो माणसं मेली.

त्यातही शेतकरी आधीच कर्जाने पिचलेला होता. जेमतेम वर्षभरापूर्वी, मे १८७५मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जाळण्यापासून 'दख्खनचे दंगे' सुरू झाले होते आणि ते नगर जिल्ह्यातही पसरले होते. म्हणजे घरात धान्य नाही, सावकार पुढे द्यायला तयार नाही, आणि वरून पाऊसही नाही.

सरकारचं धोरण असं की धान्याच्या बाजारात हात घालायचा नाही. व्यापारी धान्य आणतील, लोकांनी विकत घ्यावं. विकत घ्यायला पैसे नसतील तर सरकारी कामावर यावं, मजुरी करावी. फुकट मदत फक्त जे कामच करू शकत नाहीत त्यांना. ही कल्पना नवी नव्हती. १८४६-४७च्या दुष्काळात आयर्लंडमध्येही इंग्रज सरकारने उपाशी लोकांना रस्त्यांच्या कामावर लावलं होतं.

मुंबई सरकारचा कल मोठ्या कामांकडे होता. तलाव, कालवे, रस्ते आणि रेल्वेचे भराव. कारण सोपं आहे. लहान-लहान कामं गावोगाव काढली की त्यावर लक्ष ठेवायला माणसं लागतात. मोठं काम म्हणजे एक इंजिनिअर, एक छावणी, हजारो मजूर. दौंड-मनमाडचा भराव यासाठी अगदी सोयीचा. लाईन हवीच होती, जमीन बरीचशी सपाट होती आणि काम मागणारे लोक दारात उभे होते. दुष्काळी कामावर आलेल्या या लोकांनीच भरावाचं बरंच काम केलं.

एक लक्षात घ्या. दुष्काळी मजुरांनी सगळी रेल्वे बांधली असं नाही. भीमा, मुळा, प्रवरा, गोदावरी या नद्यांवरचे पूल, दगडी बांधकाम, लोखंडी गर्डर, रूळ जोडणं ही कसबी कामं. ती पाथरवट, गवंडी, लोहार आणि रेल्वेची तयार माणसं करणार. उपाशी शेतकऱ्याच्या वाट्याला यायचं ते मातीकाम आणि खडी फोडणं. पण रेल्वेच्या कामात माणसं सगळ्यात जास्त लागतात ती इथेच.

एक पाटी, आणखी एक पाटी

रेल्वेला चढ-उतार चालत नाही. बैलगाडी जी चढण सहज चढते ती इंजिनाला जड जाते. त्यामुळे जिथे जमीन खाली जाते तिथे मातीचा भराव घालायचा, जिथे वर येते तिथे खोदून वाट काढायची. नगरच्या उत्तरेला विळद-वांबोरीच्या उतारावर हे दोन्ही करावं लागतं. पुढे राहुरी ते कोपरगाव सपाट प्रदेश आहे, पण काळ्या मातीचा आणि नद्यांच्या पुराचा. तिथे रूळ पाण्याच्या वर राहावेत म्हणून भराव.

किती माती लागते? एक ढोबळ हिशेब करून बघू. समजा भराव ३ मीटर उंच आहे, वर ६ मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना नेहमीचा उतार आहे. अशा एका किलोमीटर भरावाला साधारण ३१ हजार घनमीटर माती लागेल, म्हणजे जवळपास ५० हजार टन. डोक्यावरच्या एका पाटीत १५ किलो माती धरली तर तीस लाखांहून जास्त पाट्या. एका किलोमीटरला. भराव सगळीकडे एवढा उंच नसतो हे खरं, पण अंदाज यायला हा आकडा पुरे.

ही माती येते कुठून? शेजारूनच. रुळाच्या दोन्ही अंगांना खड्डे खणायचे आणि तीच माती वर टाकायची. रेल्वेच्या खिडकीतून भरावालगत लांबट उथळ खड्डे दिसतात, पावसाळ्यात त्यात पाणी साचून बगळे बसतात. त्यातले बरेचसे म्हणजे भरावासाठी माती उचललेली जागा.

पुरुषाने कुदळीने खणायचं, बाईने पाटी भरून डोक्यावर न्यायची, मुलांनीही लहान पाट्या वाहायच्या. कुटुंबच्या कुटुंब कामावर. संध्याकाळी खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजायची आणि त्यावरून काम पुरं झालं की नाही ठरायचं. खोली मोजता यावी म्हणून खड्ड्याच्या मधे मातीचा एक खुंट न खणता तसाच ठेवायचा. मूळ जमीन कुठवर होती, त्याची ती खूण.

एरवी रेल्वेचं मातीकाम वडार, बेलदार अशा समाजांचं. पिढ्यानपिढ्या माती आणि दगडात राबलेले हे लोक, आपली अवजारं, आपली गाढवं घेऊन कामामागे फिरणारे. त्यांना माहीत असतं की किती खणलं की किती पैसे. दुष्काळी कामावर आलेला कुणबी, धनगर, महार, मांग यातला बहुतेक माणूस असा नव्हता. त्याने शेतात काम केलेलं, पण मापाने माती कधी खणली नव्हती. आणि तो आला होता उपाशी पोटाने. ज्याच्या अंगात ताकद उरलेली नाही त्याच्याकडून ताकदीचं काम करून घेऊन मग त्याला खायला द्यायचं, हा या सगळ्या व्यवस्थेतला मूळ तिढा होता. तो तेव्हाही अनेकांना दिसत होता.

एक पौंड धान्य आणि एक आणा

सुरुवातीला दर होता पुरुषाला २ आणे, बाईला दीड आणा, काम करू शकणाऱ्या मुलाला १ आणा. नंतर त्यात बदल झाला. धान्य रुपयाला १६ पौंडांपेक्षा महाग झालं, तर मजुरी धान्याच्या भावाला बांधायची. पुरुषाला एक पौंड धान्याची किंमत, अधिक १ आणा.

हा १६चा आकडा कुठून आला? रुपयाचे आणे १६. रुपयाला १६ पौंड म्हणजे पौंडाला १ आणा. त्यावर १ आणा वरखर्चाला, झाले २ आणे, म्हणजे जुनाच दर. भाव चढून रुपयाला ८ पौंड झाले, तर पौंडाला २ आणे, अधिक १, असे ३ आणे. कागदावर हे मजुराच्या भल्याचंच दिसतं. भाव वाढला तर मजुरीही वाढते.

पण चूल पेटवणाऱ्या बाईच्या नजरेने बघा. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. त्याच्या भाकरी होणार चार-पाच. दिवसभर माती खणणाऱ्या माणसाला दोन वेळचं मिळून एवढं. उरलेल्या एका आण्यात मीठ, मिरची, तेल, सरपण. आणि घरात काम न करू शकणारी म्हातारी असेल, तान्हं मूल असेल, तर त्यांचं पोट याच आण्यात.

ही एक पौंडाची मोजदाद सर रिचर्ड टेंपल यांच्या नावाशी जोडली गेली. दुष्काळाची पाहणी करायला हिंदुस्थान सरकारने त्यांना १८७७च्या सुरुवातीला पाठवलं होतं, आणि त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले. मद्रास इलाख्यात त्यांनी हाच हिशेब लावला तेव्हा तिथले सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी सरळ विरोध केला. कष्टाचं काम करणाऱ्याला एवढ्या धान्यावर जगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

सरकारची दुसरी शंका अशी की गरज नसलेले लोकही कामावर येतात. मग कसोट्या लावा. काम गावापासून लांब ठेवा, म्हणजे खरा गरजूच येईल. रोजचं माप काटेकोर मागा. घर, उरलंसुरलं जनावर, म्हातारी माणसं मागे सोडून छावणीत राहायचं म्हणजे काय, हे ऊसतोडीला जाणारी कुटुंबं असलेल्या जिल्ह्याला समजावून सांगायची गरज नाही.

लोकांनी हे मुकाट्याने घेतलं नाही. १८७७च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या सरकारी कामांवरून हजारो लोक काम टाकून निघून गेले. उपाशी माणसाने अन्न देणारं काम सोडणं ही साधी गोष्ट नाही. आपल्याकडे 'संप' म्हटलं की गिरणी कामगार आठवतात. पण गिरण्यांमधल्या मोठ्या संपांच्या कितीतरी आधीचा हा दुष्काळी मजुरांचा संप फारसा कुणाच्या लक्षात नाही. (याच लाईनवरचं पुणतांबा २०१७च्या शेतकरी संपामुळे देशभर गाजलं. तिथल्या किती जणांना ही जुनी गोष्ट माहीत असेल, कोण जाणे.)

मजुरांच्या बाजूने बोलायला एक संस्था उभी राहिली, पुण्याची सार्वजनिक सभा. १८७०मध्ये स्थापन झालेल्या या सभेने, 'सार्वजनिक काका' गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती गोळा केली आणि मजुरीच्या दरांबद्दल सरकारला पत्रांवर पत्रं लिहिली. तिकडे सत्यशोधक समाजाचे लोक अन्नछत्रं चालवत होते. सावित्रीबाई फुले यांनी एप्रिल १८७७मध्ये ओतूरहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात जुन्नर भागातल्या दुष्काळाचं वर्णन आहे. ओतूर म्हणजे नगर जिल्ह्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. जोतीरावांनी स्वतः सरकारी बांधकामाची कंत्राटं घेतलेली होती आणि बांधकाम खात्यातले कारकून हजेरीत कशी लबाडी करतात यावर त्यांनी लिहिलंही होतं. मजुराच्या हातात पडणारा आणा आणि कागदावरचा आणा एकच असतो असं नाही, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बोरघाटात काय वेगळं होतं?

रेल्वेचे मजूर म्हटलं की महाराष्ट्रात बोरघाटाची आठवण निघते, आणि ते साहजिक आहे. १८५६ ते १८६३ या काळात तिथे २५ बोगदे खणले गेले. १८६१ साली ४२ हजारांच्या आसपास माणसं एकाच वेळी कामावर होती. जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून मोठा दंगा झाला. त्यानंतर कंत्राटदार फॅविएल बाहेर पडला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल आल्यावर लवकरच वारला आणि त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने ते कंत्राट पुरं करून घेतलं. तिची गोष्ट आज इंटरनेटवर भरपूर फिरते. कॉलऱ्याने मेलेल्या मजुरांची तेवढी फिरत नाही.

बोरघाट आणि दौंड-मनमाड यांत एक मोठा फरक आहे. बोरघाटात माणसं कंत्राटदाराने जमवली होती आणि पावसाळ्यात ती शेतीसाठी आपापल्या गावी परत जायची. कंत्राटदाराला मजुरांची गरज होती, म्हणून मजुराला थोडी तरी घासाघीस करता यायची. दुष्काळी कामावर हा तोल उलटा. मजुराला कामाची गरज, आणि परत जायला शेतात काही नाही.

१८७८मध्ये गाडी धावली. १८७२ आणि १८८१ या दोन जनगणनांच्या मधल्या काळात नगर जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. १८८४च्या नगर जिल्हा गॅझेटिअरमध्ये या लाईनचे मैल आणि स्टेशनं नोंदलेली आहेत. माती वाहणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्यात नाही.

लाईन झाली. आता ती सांभाळणार कोण?

रेल्वे एकदा बांधली की काम संपलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तिथून एक दुसरं काम सुरू होतं जे कधीच संपत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा भराव हलत राहतो. गाडी गेली की स्लीपरखालची खडी थोडी सरकते. उन्हात रूळ वाढतात आणि वाकडे होऊ शकतात, थंडीच्या रात्री आक्रसून तडकू शकतात.

म्हणून लाईनचे काही-काही किलोमीटरचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एका गँगच्या ताब्यात द्यायचा, अशी पद्धत पडली. गँगवर एक मुकादम. हाताखाली गँगमन. ते पहारीने रूळ सरळ करणार, स्लीपरखाली खडी ठोकून बसवणार, गवत काढणार. आणि एक किमॅन. पूर्वी रूळ जागेवर घट्ट ठेवायला लाकडी किंवा लोखंडी पाचर मारत, तिला 'की' म्हणत. रोज आपला तुकडा चालत जाऊन ढिल्या झालेल्या कीज हातोड्याने ठोकणारा, तो किमॅन. आज पाचरींच्या जागी क्लिपा आल्या, पण पदाचं नाव तेच राहिलं आणि चालणंही तेच.

रूळ तुटलेला दिसला तर काय करायचं? येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळायचं. ६०० मीटरवर रुळावर एक डेटोनेटर लावायचा, पुढे १२०० मीटरवर आणखी तीन, दहा-दहा मीटरवर. चाक त्यावरून गेलं की फटाक्यासारखा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. रेल्वे इतकी आधुनिक झाली तरी शेवटचा उपाय एका पळणाऱ्या माणसाचाच आहे.

या कामावर कोण होतं? मोठ्या प्रमाणात दलित. गावात बलुत्याशिवाय दुसरं उत्पन्न नाही, तिथे महिन्याला रोख पगार देणारी रेल्वे ही मोठी सुटका होती. पण सुटका किती, यावर एका माणसाने याच लाईनच्या टोकाला उभं राहून बोट ठेवलं.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी सांगितलं ते याच परिषदेत. हे वाक्य खूप ठिकाणी येतं. त्याच भाषणातला रेल्वेबद्दलचा भाग मात्र कमी सांगितला जातो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

आंबेडकरांचा मुद्दा असा होता की दलित माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. मुकादमसुद्धा होत नाही. पोर्टर का होत नाही? कारण स्टेशनवरच्या पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं करावी लागत. मास्तर सवर्ण असेल तर त्याला घरात पाणी भरायला अस्पृश्य माणूस चालणार नाही. म्हणून त्याला पोर्टरच करायचं नाही. आणि पोर्टरपासून पुढे बढतीची जी शिडी सुरू होते, तिची पहिली पायरीच बंद. वर्कशॉपमध्येही कसबी जागा त्यांना मिळत नव्हत्या. बाकीच्या कामगार संघटना याबद्दल गप्प का, असाही त्यांचा सवाल होता.

रेल्वेच्या नियमात कुठेही 'दलिताला पोर्टर करू नये' असं लिहायची गरज नव्हती. एका माणसाच्या घरातल्या पाण्याच्या माठाने ते ठरत होतं.

धान्य आलं, धान्य गेलंही

लाईनने नगर जिल्ह्याला काय दिलं? १८८०च्या फॅमिन कमिशनने दुष्काळावरचा उपाय म्हणून रेल्वे वाढवण्यावर भर दिला. रेल्वे असेल तर धान्य येईल. हे अर्धं खरं. जिथे भाव जास्त तिथे धान्य जातं, रूळ दोन्ही दिशांना चालतात. आणि ज्याच्या खिशात पैसाच नाही त्याच्यासाठी स्टेशनवर आलेलं पोतंही लांबच असतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली दुष्काळ पुन्हा आला, रेल्वे असतानाच. आणि लोक पुन्हा सरकारी कामांवर गेले.

उत्तर भागाचं चित्र मात्र बदललं. प्रवरा-गोदावरीच्या कालव्यांचं पाणी आणि ही लाईन, दोन्ही मिळून ऊस आणि साखर कारखाने आले. बेलापूर गावापासून थोड्या अंतरावर जे 'बेलापूर' स्टेशन होतं, त्याच्याभोवती बाजारपेठ वाढत गेली आणि तिचं आजचं श्रीरामपूर झालं. स्टेशनच्या पाटीवर कितीतरी वर्षं बेलापूरच राहिलं. शिर्डीला जाणारे भक्त कोपरगावला उतरून टांग्याने जायचे. पुणतांब्याहून शिर्डीपर्यंत रूळ गेले ते २००९मध्ये.

आणि दुष्काळी काम? ते नगरकरांच्या आठवणीत अजून ताजं आहे. १९७२ साल. त्या दुष्काळात राज्यभरात जवळपास ५० लाख लोक सरकारी कामांवर होते. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. कामावर मिळालेल्या सुकडीची चव सांगणारे आजी-आजोबा जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात भेटतील. फरक एवढा पडला की त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७च्या कायद्याने काम मागणं हा हक्क झाला. बरोब्बर शंभर वर्षांपूर्वी, १८७७मध्ये, काम मागणाऱ्याची आधी परीक्षा घेतली जात होती.

आज दौंड-मनमाड लाईनवर विजेची इंजिनं धावतात. अलीकडच्या दुहेरीकरणात भराव घातला तो जेसीबी आणि डंपरने. खडी ठोकायला मशीन आहे. लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे आले. गँगमनचा 'ट्रॅकमन' आणि नंतर 'ट्रॅक मेंटेनर' झाला.

पण ही नोकरी मागणारे कोण आहेत ते बघा. २०१९मध्ये रेल्वेने सगळ्यात खालच्या स्तराच्या, म्हणजे लेव्हल-१च्या, १ लाख ३ हजार ७६९ जागा काढल्या. यात ट्रॅक मेंटेनरही येतो. पात्रता दहावी किंवा आयटीआय. अर्ज आले एक कोटीहून जास्त. परीक्षा व्हायला २०२२ उजाडलं. तोवर या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांत पदवीधर होते, इंजिनिअर होते. नगर शहरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत चौकशी केली तर त्यातला एखादा अजूनही भेटेल.

जे पास झाले त्यांच्यातल्या अनेकांची पहिली नेमणूक रुळावर झाली. पाठीवर पिशवी, हातात हातोडा आणि पाना, पिशवीत लाल-हिरवा झेंडा आणि डेटोनेटर. आधी जुन्या किमॅनच्या मागोमाग, त्याच्याकडून रूळ वाचायला शिकत, आणि नंतर एकट्याने.